सरकवलेले धाविक

रामदासपेठेतल्या एका ऑफिसने माझ्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला फसवलं. त्या ऑफिसच्या पत्रात याला ‘तांत्रिक त्रुटी’ म्हटलं आहे. मी तीस वर्षं प्लॉटच्या धंद्यात आहे. एका प्लॉटचे तीन मालक आणि तीन प्लॉटांचा एकही मालक नाही, असे दोन्ही प्रकार मी पाहिलेत, तेव्हा फसवणूक कशी दिसते हे मला कुणी शिकवू नये. आणि फसवलं कुणाला? तर अख्ख्या नागपूर जिल्ह्यात जो एकटा माणूस जागेच्या बाबतीत झोपेतसुद्धा वीतभर खोटं बोललेला नाही, त्याला. देवाने पृथ्वी मांडताना कोणती वस्तू कुठे ठेवली याची यादी केली असेल आणि ती हरवली असेल, तर देवाने सरळ हुडकेश्वरला यावं आणि माझ्या घराचा जिना चढावा. वरच्या खोलीत, खिडकीपासून तिसऱ्या फळीवर, डावीकडून चौथ्या वहीत नक्कल मिळेल.

त्यांना आख्खी गल्ली काकाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. भूमापन खात्यात मोजणीदार म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, पत्नी गेल्या, मुलगी पुण्याला. भोसल्यांच्या काळात त्यांचे कुणी पूर्वज दप्तर सांभाळायला नागपुरात आले आणि तेव्हापासून त्या घराण्याने लिहिण्यापलीकडे हाताला दुसरी सवय लावली नाही. मी उमरेडच्या विणकराचा मुलगा. बापाचा माग थांबला तसा मी कामठीच्या पॉवरलूमचा माल सायकलवर लादून आठवडी बाजारात विकला आणि हुडकेश्वरला रस्तेही नव्हते तेव्हा इथे जमीन धरली. भावतावावर माझं घर उभं आहे. काकाजी खोली बघायला आले तेव्हा मी भाडं सांगितलं आणि ते म्हणाले, ‘ठीक आहे.’ मला रात्रभर झोप आली नाही. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला मनापासून संशय येतो. हा माणूस एकतर मोठा चोर असणार, नाहीतर याला जगात कसं राहायचं ते कळत नसणार. दुसरं खरं निघालं.

‘जवळच’, ‘पलीकडे’, ‘तिथेच कुठेतरी’ हे शब्द काकाजींना शिव्यांसारखे लागतात. एकदा त्यांच्या पोटात दुखायला लागलं म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठे दुखतं?’ काकाजी म्हणाले, ‘बेंबीपासून ईशान्येला चार बोटं. पण ही माझी ईशान्य, मी उत्तरेकडे तोंड करून उभा आहे असं धरून.’ डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ‘लिहून घ्या साहेब, तपासाले सोपं जाईन.’ गॅस सिलिंडरवाल्याला ते पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश सांगत. तो बिचारा फोनवर ओरडायचा, ‘काकाजी, मंदिराच्या मांगं का समोर, तेवढं सांगा ना बावा!’ त्यावर काकाजी शांतपणे विचारायचे, ‘मंदिराचं तोंड कुठे धरलंस?’ माझ्या पुतणीच्या लग्नात हॉलमध्ये एका पाहुण्याने विचारलं, ‘मुलीकडचे कुठे बसलेत?’ तर यांनी त्याला खांबांची संख्या मोजून नेऊन बसवलं. गृहस्थ बरोबर जागी पोचला, पण चुकीच्या लग्नात आलेला होता. बिचारा जेवूनच गेला.

या सगळ्या अचूकपणाचं टोक म्हणजे त्यांचं पक्षी बघणं. काकाजींच्या हातात एक जुनं जीपीएस यंत्र असतं. पक्षी दिसला की ते यंत्र हवेत धरून पुतळ्यासारखे उभे राहतात. आकाशातले पुरेसे उपग्रह सापडून आकडा स्थिर होईपर्यंत हलत नाहीत. मग कुणी काही म्हणो. एकदा आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, त्यांना सोबत घेऊन बाजाराला गेली. तारेवर कसलासा पक्षी दिसला आणि काकाजी भाजीच्या दुकानासमोर हात वर करून उभे राहिले. मागे स्कूटरवाल्यांची रांग लागली. भाजीवाली म्हणाली, ‘काय झालं वं बाई तुह्या सासऱ्याले?’ मंडळी म्हणाली, ‘सासरे नाईत, भाडेकरू हायेत. इकडं मेथी सुकून राहिली अन् यायले उपग्रह पायजे.’ घरी आल्यावर मला म्हणाली, ‘त्याईले काही बोलू नका हो. आकडा भेटला तेव्हा असे हसले, का जसा नातू झाला.’

पण पक्ष्यांतही त्यांचा जीव एकाच पक्ष्यात होता. धाविक. मी नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शेतमोजणीचा शब्द असेल. एका चैत्रात मी माझी जीप काढली आणि ते नेतील तिकडे गेलो. उमरेड रोडवरून आत, एका गावाच्या गायरानावर. उघडा माळ, खडी, आखूड पिवळं गवत, शेळ्यांच्या लेंड्या. माझ्या धंद्याच्या डोळ्यांनी मी त्या जमिनीची किंमत लगेच ठरवली, ती इथे सांगत नाही. काकाजींनी माझं मनगट धरलं आणि पुटपुटले, ‘बघा.’ समोर मातीचाच एक तुकडा सुटून धावायला लागला. तांबूस छाती, डोळ्यातून गेलेली काळी रेघ, वर पांढरी भुवई, काड्यांसारखे पाय. तुरुतुरु पळाला, थांबला, ताठ उभा राहिला, वाकून काहीतरी टिपलं, पुन्हा पळाला. आमच्या तहसील ऑफिसातल्या एका शिपायाची चाल अगदी अशीच होती. मी हसायला लागलो. काकाजींनी मात्र आधी स्वतःच्या पायाखालचा आकडा लिहिला, मग दिशा लिहिली, मग मधलं अंतर. म्हणाले, ‘भाऊ, लोक काय करतात, स्वतः उभे असतात तो आकडा पक्ष्याच्या नावावर टाकतात. मग पक्षी कायम रस्त्यावर राहतो असंच दिसतं, कारण बघणारा गाडीतून उतरलेला नसतो.’

मी विचारलं, ‘अन् हा पक्षी इथंच काहून राहते? एवढी दुनिया पडली आहे.’

‘त्याला झाड नको. उंच गवत नको. उघडी जमीन पाहिजे, जमिनीवरच अंडी घालतो. आपल्याला ओसाड दिसतं ते त्याचं घर.’

मी जमीन विकणारा आणि ते जमीन मोजणारे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की जमिनीला तिसरंही गिऱ्हाईक असतं.

आता ऑफिसची गोष्ट. रामदासपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक संस्था आहे, नाव घेत नाही. ते माळरानावरच्या पक्ष्यांचा नकाशा करत होते. तिथल्या मॅडमनी मला ते ज्या पद्धतीने समजावलं, ती पद्धत मला आवडली, कारण ती माझ्याच धंद्याची आहे. पक्षी जिथे जिथे दिसला त्या जागा कॉम्प्युटरला द्यायच्या. कॉम्प्युटर बघतो की तिथे पाऊस किती, ऊन किती, झाडं किती, जमीन सपाट की चढाची. मग तो अख्ख्या जिल्ह्यावर नजर टाकून सांगतो, असल्याच जागा आणखी इथे इथे आहेत, पक्षी तिथेही राहू शकेल. म्हणजे पहिल्या दहा गिऱ्हाइकांनी कसले प्लॉट घेतले ते बघून अकराव्याला काय दाखवायचं ते ठरवणं. मी हे कॉम्प्युटरशिवाय तीस वर्षं करतो आहे.

या नकाशासाठी त्यांना काकाजींच्या वह्या पाहिजे होत्या. आम्ही दोघे तिथे गेलो आणि काकाजींनी लगेच पिशवीतून काढून द्यायला सुरुवात केली, मी हात धरला. फुकट द्या, पण अटी घालून द्या. धाविकाची नेमकी जागा जगजाहीर झाली तर हातभर लांब लेन्सवाले शंभर लोक सकाळी घरट्यावर उभे राहतील. मी कोणतीही जमीन टोकन येण्याआधी गिऱ्हाइकाला नेमकी दाखवत नाही. तेव्हा मी मॅडमना सांगितलं, ‘मॅडम, दोन गोष्टी. लोकायले जो नकाशा दाखवसान, त्याच्यात काकाजींच्या जागा पाच-सात किलोमीटर सरकवून दाखवा. कोणती कुठं सरकवली, ते कोणाले समजलं नाई पायजे. पण तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशोबात खरी जागा घ्या. दाखवाची येगळी, हिशोबाची येगळी. पटते?’

मॅडम म्हणाल्या, ‘काका, आम्ही असंच करतो. शब्द आहे माझा.’

मी म्हणालो, ‘लिहून द्या.’

इथे काकाजींनी माझ्या मांडीवर हात ठेवला. घरी कुणी पाहुण्यासमोर अपशब्द बोलावा तसे शरमले होते. ‘भाऊ, अभ्यासाची माणसं आहेत. यांच्याशी स्टॅम्प पेपरवर बोलतात का?’ आणि मी, ज्याने सख्ख्या साडभावाकडून गोठ्याच्या भिंतीचंसुद्धा लिहून घेतलं आहे, तो मी कागदाच्या पेल्यातला चहा पिऊन तसाच उठलो. या गोष्टीत माझी चूक कुठे, असं कुणी विचारलं तर ती तिथे आहे, त्या खुर्चीवर.

नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा छोटासा कार्यक्रम होता. काकाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. भिंतीवर रंगीत नकाशा, लाल म्हणजे धाविकाला उत्तम जागा, पांढरी म्हणजे निरुपयोगी. आम्ही दोघे त्याच्यासमोर उभे राहिलो. संत्र्याच्या बागा लाल. एका तलावाचं मधलं पाणी लाल. आणि हुडकेश्वर, माझा स्वतःचा लेआउट, जिथे कुत्र्याला पाय पसरायला मोकळी जागा उरलेली नाही, तो भडक लाल. मी म्हणालो, ‘काकाजी, आपल्या गल्लीत धाविक येऊन राहिला म्हणते. आला तर त्याले गच्चीवर खोली बांधून देतो.’ काकाजी हसले नाहीत. त्यांचं बोट नकाशावर हळूहळू सरकत उमरेड रोडवरून आत गेलं आणि थांबलं. तिथे कागद पांढरा होता.

कुणीतरी माईकवर सांगत होतं की नकाशा तपासून पाहिला आहे आणि तो फार अचूक उतरला आहे.

काकाजींनी घरी येऊन नकाशाबरोबरच्या अहवालाच्या शेवटची जागांची यादी काढली आणि वह्या काढल्या. तीन दिवस ते जमिनीवर बसून होते. मंडळी ताट वर नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. चौथ्या दिवशी मी वर गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या कागदावर त्यांचे खरे बिंदू शाईने काढले होते आणि प्रत्येकापासून एक बाण निघून दुसऱ्या बिंदूपर्यंत गेला होता. एक बाण तलावात. दोन संत्र्याच्या बागेत. एक आमच्या गल्लीत. मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. लोकांना चकवण्यासाठी सरकवलेल्या जागा ऑफिसवाल्यांनी हिशोबात घेतल्या होत्या. कॉम्प्युटर तरी काय करणार? त्याला सांगितलं धाविक तळ्यात राहतो, तो म्हणाला बरं, मग आणखी तळी शोधतो. आणि अचूक उतरला म्हणतात तो तपासही त्याच सरकवलेल्या जागांवर केलेला. म्हणजे चोराचा जामीन चोराच्याच भावाने घेतला.

‘आकड्यांच्या जागा सगळ्या खऱ्या आहेत, भाऊ,’ काकाजी म्हणाले. ‘फक्त पक्षी तिथे नाही.’

मी रामदासपेठेत गेलो. काकाजींना नेलं नाही, कारण मला ओरडायचं होतं. मॅडमनी फाईल उघडून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला, हे मी कबूल करतो. त्या वाईट बाई नाहीत. म्हणाल्या, ‘काका, दोन फाईल होत्या. एक खऱ्या जागांची, एक सरकवलेल्या. मॉडेल करताना चुकून दुसरी घेतली गेली.’

‘घेतली गेली म्हणजे? फाईल आपल्या पायानं चालत गेली काय? कोणी घेतली?’

‘त्या वेळी तीन-चार जण काम करत होते. दोघं सोडून गेले. आता सांगणं कठीण आहे.’

‘मग खरी फाईल टाका अन् नवा नकाशा काढा.’

‘काढू ना, नक्की काढू. पुढच्या अहवालात दुरुस्ती देऊ.’

‘कधी?’

मॅडमनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. त्या टेबलाच्या काचेवर मी हात आपटला, काचेला तडा गेला, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

पुढचा अहवाल येईपर्यंत जग थांबलं असतं तर ही तक्रार मी लिहिली नसती. पण त्याच वर्षी झाडं लावायच्या खात्याला माळ हवे होते. कुठल्या माळावर झाडं लावली तर कुणाचं नुकसान नाही, हे ठरवायला त्यांनी तोच नकाशा समोर ठेवला. काकाजींचा माळ पांढरा. निरुपयोगी. ओसाड जमीन हिरवी करायची, याहून पुण्याचं काम कोणतं? काकाजींनी अर्ज केले, सुवाच्य अक्षरात, चारी सीमा लिहून. उत्तर आलं की शास्त्रीय नकाशानुसार त्या ठिकाणी या पक्ष्याचा अधिवास दिसून येत नाही. म्हणजे ज्यांच्या वह्यांमधून नकाशा झाला, त्यांनाच नकाशा दाखवून गप्प बसवलं.

खड्डे खणायला सुरुवात झाली तेव्हा मी त्यांना जीपने घेऊन गेलो. माळावर दोऱ्या ताणून खड्ड्यांच्या सरळ रांगा चालल्या होत्या. मला वाटलं काकाजी आडवे झोपतील, निदान आरडाओरडा करतील. मी तयारीने गेलो होतो, माझी बाही वर होती. पण ते वाकून वाकून चालत राहिले आणि एका जागी गुडघ्यावर बसले. दोन खड्ड्यांच्या मधल्या, दोन हात पसरतील एवढ्या जागेत, उघड्या मातीवर, लेंड्यांच्या शेजारी, दोन ठिपकेदार अंडी होती. दाखवूनही मला आधी खडेच वाटले.

खणणाऱ्या बायका गोळा झाल्या. एकीने विचारलं, ‘कायचे हाय जी? तितराचे?’

काकाजींनी सांगितलं. कसा पळतो तेही दाखवलं, या वयात, तुरुतुरु. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यातली एक म्हातारी त्या रांगेकडे आणि मुकादमाकडे बघून म्हणाली, ‘गंगू, ह्या लायनीत खाली पक्का दगड लागून राहिला ना वं?’

गंगू म्हणाली, ‘लागून राहिला तर. कुदळच चालत नाई.’

‘मंग मुकादमाले सांग, हे सात खड्डे होत नाई म्हणा. काकाजी, किती दिवस पायजे तुमच्या पाखराले?’

‘अठरा-वीस,’ काकाजी म्हणाले.

त्या माळावर तेवढा एक सौदा झाला आणि तो पाळला गेला. कुणी लिहून दिलं नव्हतं. पिलं निघाली, काकाजींनी पाहिली. मग पावसाळा लागला, राहिलेले खड्डेही झाले आणि रोपं लागली. दुसऱ्या वर्षी रोपं गुडघ्याइतकी वाढली, मधलं गवतही वाढलं, कारण शेळ्यांना बंदी झाली. धाविक आला नाही. तिसऱ्या वर्षीही आला नाही. माळ आता खरंच हिरवा दिसतो, जाणारे-येणारे छान म्हणतात.

काकाजी अजून महिन्यातून एकदा एसटीने जातात. मी जीप काढतो म्हटलं तर नको म्हणतात. परवा ते परतले तेव्हा मी जिन्यात उभा होतो. विचारलं, ‘काय लिहून राहिले आता? पक्षीच नाई तर काय लिहिता?’

‘पक्षी नाही, हेच लिहितो,’ ते म्हणाले. ‘कुठे कुठे नाही, तेही नेमकं लिहावं लागतं. मॅडमचा फोन आला होता. नव्या नकाशाला हे उपयोगी पडेल म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात नेऊन देणार आहे.’

माझ्या डोक्यात तिडीक उठली. ‘पुन्हा? त्यायलेच? तेही फुकट? काकाजी, तुमाले काही समजते का नाई?’

ते दोन पायऱ्या वर चढले होते, तिथून वळून म्हणाले, ‘भाऊ, दुसरीकडे कुठे असा माळ उरला असेल ना. त्यांनी तो तरी बरोबर दाखवावा.’ आणि दम खात, कठडा धरून वर गेले. हल्ली त्यांना जिना जड जातो. मंडळी म्हणते खालची खोली रिकामी करून द्या, तर ते म्हणतात वरून आभाळ मोकळं मिळतं, उपग्रह लवकर सापडतात.

त्यांनी माफ केलं असेल, तो त्यांचा मोठेपणा. माझ्याकडे तेवढा नाही आणि मला तो नको. तीन-चार जण काम करत होते म्हणता, ठीक आहे, तीन-चारच तर आहेत. सोडून गेले असतील तेही वाचत असतील. झाडांच्या खात्यातल्या ज्या साहेबाने नकाशा पांढरा आहे म्हणून सही केली आणि दहा पावलं माळावर चालायची तसदी घेतली नाही, त्यालाही धरा, म्हणजे पाच झाले. माझं घर हुडकेश्वरला आहे, जिना बाहेरून आहे, मला विचारायचीही गरज नाही. त्या पाचांपैकी एकाने वर जावं, दार वाजवावं आणि त्या म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहून म्हणावं, ‘काका, ते मी केलं.’ चहा मी पाजतो. पण काकाजींचे पाय चालतात तोवर या. कोण येतंय, ते मला सांगा.